‘रोहना’चा इतिहास आणि खलाशांवरील आळ

जहाजांचीं चरित्रें लिहिण्याची एक स्वतंत्र विद्या इंग्रजी भाषेंत चांगलीच फोफावली आहे. जहाज कोणत्या गोदींत बांधलें, त्याचें टनांत माप किती, एंजिनें कोणत्या जातीचीं, पाण्यांत कोणत्या दिवशीं उतरलें, कोणत्या ताफ्यांतून कोणत्या बंदरास गेलें आणि अखेर पाणसुरुंगानें, टॉर्पेडोनें कीं भंगारवाल्याच्या घणानें त्याचा अंत झाला, हें सारें त्यांत तारीखवार मांडलेलें असतें. वाचणारास वाटावें कीं, जहाज आपण होऊनच चालतें, आपण होऊनच लढतें व आपण होऊनच पराक्रम गाजवितें. इंग्रजींत जहाजास स्त्रीलिंगी सर्वनाम लावण्याची रीत असल्यामुळें तर या चरित्रांना नायिकेचा थाट चढतो. आमची त्याविरुद्ध तक्रार नाहीं. लोखंडावर जीव लावणारीं माणसेंही जगांत असावींत. तक्रार आहे ती एवढीच कीं, या चरित्रांत जेव्हां यश येतें तेव्हां तें जहाजाचें किंवा कप्तानाचें असतें; दुर्दैव ओढवलें म्हणजे मात्र पानाच्या तळांतून एकाएकीं ‘खलाशी’ नांवाचा एक वर्ग वर येतो, आणि तो बहुधा काळ्या माणसांचा असतो.

हें विधान मोघम राहूं नये म्हणून एकच जहाज घेतों. ‘रोहना’ हें नांव मराठी वाचकांपैकीं फार थोड्यांच्या कानांवरून गेलें असेल. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचें हें उतारू जहाज १९२६ सालीं इंग्लंडांत टाइन नदीच्या कांठीं हॉथॉर्न लेस्ली कंपनीच्या गोदींत बांधलें गेलें. त्याची नोंद ८,६०२ टनांची. आपल्या जहाजांस ‘आ’कारान्त नांवें द्यावयाचीं, ही त्या कंपनीची रीत, ‘रोहना’ आणि तिची जोडीची बहीण ‘राजुला’ हीं दोन नांवें त्याच रीतींतलीं. मद्रास, नागपट्टणम्, पिनांग, सिंगापूर असा त्यांचा फेरा असे. मलायांतील रबराच्या मळ्यांवर राबावयास निघालेला तामिळ मजूर डेकवर पथारी पसरून असल्याच बोटींतून जाई, आणि जगला वांचला तर असल्याच बोटींतून परत येई. १९३८ सालीं हिंदुस्थान सरकारनें मलायाकडे मजूर धाडण्यास बंदी केली. पुढें दोन वर्षांत युद्धानें बोटच मागून घेतली आणि १९४० पासून ‘रोहना’ सैन्याची ने-आण करूं लागली. मजूर भरावयाच्या जागेंत शिपाई भरले गेले. बोटीच्या दृष्टीनें त्यांत फारसा फरक नव्हता. कोठें जाण्याची इच्छा आहे, हें दोघांसही कोणी विचारलेलें नव्हतें.

१९४३ च्या नोव्हेंबरांत अल्जीरियांतील ओरान बंदरावर सुमारे १,९८० अमेरिकन सैनिक तिच्यावर चढले. सुएझवरून हिंदुस्थानाकडे जावयाचें आणि चीन-ब्रह्मदेश-हिंदुस्थान या रणक्षेत्रांत काम करावयाचें, असा त्यांना हुकूम होता. विमानतळ बांधणाऱ्या ८५३ व्या इंजिनियर पलटणीचा त्यांत मोठा भरणा होता. २५ तारखेस ‘रोहना’ ओरानहून निघून के. एम. एफ. २६ या ताफ्यास मिळाली. दुसऱ्याच दिवशीं, २६ नोव्हेंबर रोजीं, बूझी बंदराच्या (हल्लींचें बेजाया) बाजूस भर समुद्रांत जर्मन विमानांनीं त्या ताफ्यावर हल्ला चढविला. संध्याकाळीं पांच वाजून गेल्यावर एका हाइन्केल १७७ विमानानें सोडलेला, बिनतारी लहरींनीं दिशा देतां येणारा हेन्शेल २९३ जातीचा उडता बॉम्ब ‘रोहना’च्या डाव्या कुशींत एंजिनखान्यापाशीं शिरला. दिवे गेले, पंप गेले, त्या बाजूच्या कित्येक होड्यांच्या ढलप्या झाल्या. दीड तासाच्या सुमारास बोट तळास गेली. समुद्र उसळलेला, पाणी थंड, अंधार पडत आलेला. कंबरेला बांधावयाचे हवेचे पट्टे सैनिकांस दिलेले होते. ते काखेखालीं न बांधतां कंबरेलाच बांधल्यामुळें कित्येकांचीं डोकीं खालीं व पाय वर झाले. ‘पायोनियर’ या अमेरिकन सुरुंगशोधक नौकेनें एकटीनें ६०६ माणसें पाण्यांतून काढलीं, हें त्या रात्रींतील सर्वांत उजळ कृत्य. तरी १,०१५ अमेरिकन गेले. समुद्रप्रवासांत असलेल्या अमेरिकन सैन्याची शत्रूच्या हल्ल्यानें एका जहाजावर झालेली त्या युद्धांतील ही सर्वांत मोठी हानि.

ही हकीकत दाबून ठेवण्यांत आली. नव्या अस्त्राचें यश शत्रूस कळूं नये, हें त्याचें कारण. वास्तविक त्याच जातीच्या बॉम्बनें १९४३ च्या ऑगस्टांत बिस्केच्या उपसागरांत ‘एग्रेट’ ही ब्रिटिश युद्धनौका बुडविली होती, व अस्त्र काय आहे हें उभय पक्षांस ठाऊक झालें होतें. पण गुप्ततेची संवय एकदां लागली म्हणजे तिला कारणाची जरूर उरत नाहीं. वांचलेल्यांनीं तोंड उघडूं नये आणि मेलेल्यांच्या घरच्यांनीं फार विचारूं नये, अशी सर्व व्यवस्था झाली. पन्नास वर्षांनीं, १९९३ सालीं, अमेरिकेंत रेडिओवरून या प्रकरणास वाचा फुटली. १९९६ सालीं अलाबामा संस्थानांत फोर्ट मिचेल येथील राष्ट्रीय दफनभूमींत स्मारक उभें राहिलें. २००० सालीं अमेरिकन काँग्रेसनें ठराव केला. ग्रंथ निघाले, चित्रपटही निघाला. हें सर्व योग्यच झालें. आपल्या मृतांची आठवण पन्नास वर्षांनीं कां होईना, पण सरकारच्या कपाटांतून ओढून काढणाऱ्या त्या म्हाताऱ्या शिपायांविषयीं आम्हांस आदरच वाटतो.

मात्र त्या ठरावाच्या मथळ्यांत कृतज्ञता कोणाकोणाविषयीं आहे, तें पाहण्यासारखें आहे. बोटीवरील अमेरिकन सैनिकांविषयीं आहे, त्यांच्या कुटुंबीयांविषयीं आहे, आणि उतारूंस व खलाशांस पाण्यांतून वांचविणाऱ्यांविषयीं आहे. म्हणजे खलाशी त्यांत येतो तो कोणी तरी बाहेर काढलेला ऐवज म्हणून.

ग्रंथांतून व आठवणींतून तो येतो तो याहूनही वाईट वेषानें. ‘रोहना’वर सुमारे १९५ खलाशी होते आणि ते बहुतेक सर्व हिंदी होते, अधिकारी ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन. वांचलेल्या कित्येक सैनिकांनीं पुढें असें सांगितलें कीं, बॉम्ब लागतांच हे हिंदी खलाशी भेदरून गेले, होड्यांकडे आधीं धांवले, होड्या सोडण्याच्या कामीं सैनिकांस उपयोगी पडले नाहींत. शिवाय होड्यांचे दोर रंगानें चिकटलेले होते आणि कप्प्या गंजून बसलेल्या होत्या. ही सांगी एका पुस्तकांतून दुसऱ्यांत व दुसऱ्यांतून तिसऱ्यांत गेली, आणि जातां जातां ‘कांहीं खलाशी’ याचे नुसते ‘खलाशी’ झाले. आतां ‘रोहना’ म्हटलें कीं एक कपटी जर्मन अस्त्र, एक लपवाछपवी करणारें सरकार आणि एक भ्याड हिंदी खलाशीवर्ग, अशीं तीन पात्रें ठरून गेल्यासारखीं आहेत. पहिल्या दोहोंविरुद्ध पुरावा भरपूर आहे. तिसऱ्याविरुद्ध काय आहे तें तपासूं.

हिशेब अगदीं साधा आहे. सुमारे १,९८० अमेरिकनांपैकीं १,०१५ मेले. म्हणजे शेंकडा एकावन्न. सुमारे १९५ खलाशांपैकीं सुमारे १२० मेले. म्हणजे शेंकडा साठ किंवा त्याहून किंचित् अधिकच. ज्यांनीं होड्या बळकावल्या ते, ज्यांच्या होड्या बळकावल्या गेल्या त्यांच्यापेक्षां अधिक प्रमाणांत कसे बुडाले? बरें, बळकावावयास तेथें होतें तरी काय? बावीस होड्यांपैकीं धडपणें पाण्याला लागल्या त्या आठच, आणि त्यांतल्याही बहुतेक उलटल्या किंवा लाटांनीं भरून गेल्या. सत्तेचाळीस वेळां छापलेल्या आरोपालाही हा त्रैराशिकाचा प्रश्न चुकवितां येत नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, बॉम्ब एंजिनखान्यापाशीं फुटला. खालीं कामावर असलेले आगवाले व तेलवाले जागच्या जागीं मेले. ती संख्या वजा करून मग प्रमाण काढा. जरूर काढावें. पण मग तेंही लिहावें! भट्टीपुढें फावडें हातांत असतां जो मेला तो कामावर मेला, आणि तो गोरा असता तर त्याच्या गांवच्या चर्चमध्यें पितळेची पाटी लागली असती. हिशेबाच्या वेळीं त्याला वगळावयाचें आणि भ्याडपणाचा आरोप करतांना मात्र ‘हिंदी खलाशी’ या एका गोणींत त्यालाही कोंबावयाचें, ही वजाबाकी आमच्या कॉलेजांतील पहिल्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धां मुकाट्यानें ऐकून घेणार नाहीं.

ज्या बोटीवर खलाशी खरोखरच आधीं उतरून गेले तेथें आंकडे काय बोलतात, याचें उदाहरण त्याच युद्धांत सांपडतें. २४ डिसेंबर १९४४ रोजीं, नाताळच्या आदल्या संध्याकाळीं, फ्रान्सच्या शेरबूर बंदरापासून थोड्याच मैलांवर ‘लिओपोल्डव्हिल’ हें बेल्जियन जहाज जर्मन पाणबुडीच्या टॉर्पेडोनें फुटलें. तेंही सैन्यवाहतुकीचेंच होतें; त्यावरही दोन हजारांवर अमेरिकन सैनिक होते व त्यांपैकीं साडेसातशेंहून अधिक मेले; तीही हकीकत वर्षानुवर्षें दडवून ठेवण्यांत आली. खलाशी बेल्जियन व काँगोंतील आफ्रिकन. त्यांनीं होड्या घेऊन जहाज सोडलें, असा आरोप आहे. दोष त्यांचा किती व त्यांस हुकूम देणारांचा किती, हा वाद बाजूस ठेवूं. पण कप्तान धरून जहाजावरील लोकांपैकीं अवघे पांच मेले. म्हणजे तेथें आरोप आणि आंकडे एका वाटेनें चालतात. ‘रोहना’च्या बाबतींत एकाचें तोंड पूर्वेला तर दुसऱ्याचें पश्चिमेला. असें असतां दोन्ही बोटींस एकच कथा चिकटविली जाते, याला कारण दोहोंत सारखी असलेली एकच गोष्ट दिसते: खलाशांचा रंग.

‘रोहना’वर एकही खलाशी भ्याला नाहीं, किंवा एकही आधीं होडींत शिरला नाहीं, असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. पाण्यानें भरत चाललेल्या, काळोखानें वेढलेल्या बोटीवर न भिणारा माणूस आम्हीं पुस्तकांतच पाहिला आहे. कांहीं शिपायांनीं घाईनें एकीकडचा दोर सोडल्यामुळें होडी एका टोंकानें लोंबकळून आंतलीं माणसें समुद्रांत सांडल्याच्याही हकीकती आहेत. त्यांवरून अमेरिकन शिपाई जात्याच अडाणी असतो, असा सिद्धान्त कोणी काढला नाहीं, काढावाही कां? वीस-बावीस वर्षांचीं तीं पोरें, त्यांतलीं बरींच पूर्वीं समुद्रही न पाहिलेलीं. घाबरटपणा माणसाचा कीं जातीचा, हें ठरवितांना इतिहासकाराच्या हातांत दोन तराजू असतात, एवढेंच आम्हांस दाखवावयाचें आहे.

आतां दोर आणि कप्प्या. हा मुद्दा वांचलेल्यांच्या साक्षींत इतक्या वेळां येतो कीं, तो खोटा मानण्याचें कारण नाहीं. पण तो कोणाविरुद्ध पुरावा आहे? होडीची कप्पी कधीं उघडावी, तींत तेल केव्हां घालावें, दोर केव्हां बदलावा, हें सारंग ठरवीत नाहीं, तांडेलही ठरवीत नाहीं. तें ठरवितो अधिकारी. त्याची तपासणी करणारें खातें किनाऱ्यावर असतें. आणि नव्या दोरांचे पैसे कंपनीच्या कचेरींतून सुटावे लागतात. खलाशी रंग लावतो तो हुकुमानें. गंजावर रंगाचा थर चढवून बोट तपासणीपुरती झळझळीत करण्याची युक्ति ज्या कोणाच्या डोक्यांतून निघाली असेल, तें डोकें टोपीखालचें होतें, फडक्याखालचें नव्हतें. वर्षानुवर्षें उष्ण समुद्रावर डेकचे उतारू वाहिलेल्या बोटींत दोन हजार शिपाई भरून तिला हिंवाळ्याच्या तोंडीं शत्रूच्या विमानांच्या टापूंत धाडावें, हा निर्णयही कोणा भंडाऱ्यानें स्वयंपाकघरांत घेतला नव्हता. परंतु निर्णय घेणारांवर ठपका ठेवावयाचा तर कागद पाहावे लागतात. खलाशांवर ठेवावयाचा तर नुसती आठवण पुरते.

आणखी एका गोष्टीकडे या ग्रंथकारांचें लक्ष जावें तसें गेलेलें नाहीं. ती म्हणजे भाषा. हिंदी खलाशी असलेल्या जहाजांवर एक वेगळीच बोली चाले. तींत हिंदुस्थानी, फारसी, पोर्तुगीज, इंग्रजी, सर्वांची मिसळ असे. ती इतकी जरुरीची होती कीं, टॉमस रोबक नांवाच्या एका कंपनीच्या लष्करी अधिकाऱ्यानें १८११ सालीं कलकत्त्यास तिचा कोशच प्रसिद्ध केला, आणि पुढें पाऊणशें वर्षांच्या आंत तो सुधारून पुन्हां काढावा लागला. उचलावयाचें तर ‘हबेस’, खालीं सोडावयाचें तर ‘आरिया’. मुंबईच्या गोद्यांतून हे शब्द ज्यांनीं ऐकले असतील त्यांस ते परके नाहींत. अधिकाऱ्यानें सारंगास सांगावें, सारंगानें तांडेलास, तांडेलानें खलाशांस, आणि मग होडी हलावी, अशी ती सांखळी. त्या संध्याकाळीं दिवे व यंत्रें बंद पडलीं, बोट एका अंगावर कलली, सांखळी तुटली. डेकवर उरले ते नुकतेच बोटीवर चढलेले दोन हजार अमेरिकन आणि दीड-दोनशें हिंदी. दोघांच्या तोंडीं ‘होडी सोड’ या अर्थाचा एकही सामाईक शब्द नाहीं. सैनिक इंग्रजींत ओरडत होता, खलाशी आपल्या बोलींत ओरडत होता, आणि प्रत्येकाला दुसरा नुसता किंचाळत आहे असेंच वाटलें असणार. वांचलेल्या सैनिकानें पुढें आपल्या भाषेंत लिहिलें कीं, ते घाबरून किंचाळत होते. वांचलेल्या खलाशानें काय लिहिलें? त्यास लिहितां येत नव्हतें, आणि त्याला विचारावयासही कोणी आलें नाहीं.

येथें या प्रकरणाचें खरें वर्म आहे. ‘रोहना’वर जें लिहिलें गेलें तें जवळ जवळ सगळें अमेरिकन सैनिकांच्या आठवणींवर व गोऱ्या अधिकाऱ्यांच्या अहवालांवर उभें आहे. ज्या जर्मन वैमानिकानें तो बॉम्ब सोडला त्याचें नांव आणि त्याची बाजूसुद्धां त्या वाङ्मयांत आलेली आहे. शत्रूची साक्ष घेण्याइतकी उदारता लेखकांनीं दाखविली, व ती त्यांस भूषणावह आहे. फक्त आरोपीची साक्ष घ्यावयाची राहिली. न्यायाच्या कोणत्याही चावडीवर हा खटला पहिल्याच दिवशीं फेटाळला गेला असता. इतिहासाच्या चावडीवर मात्र तो चालला, निकालही लागला, आणि आम्ही इंग्रजी ग्रंथांवर वाढलेले लोक त्या निकालाच्या प्रती कपाटांत लावून ठेवतों.

हे खलाशी कोण होते? ‘लस्कर’ हा शब्द इंग्रजांनीं पोर्तुगिजांच्या मार्फत उचलला तो मूळ फारसी ‘लष्कर’च. मराठींत तो शब्द फौजेचा मान राखून राहिला. इंग्रजींत गेला तो हिंदी खलाशाची हलकी संज्ञा होऊन बसला. शब्दांचेंही नशीब असतें. दुसरें महायुद्ध सुरू होण्याच्या सुमारास ब्रिटिश व्यापारी जहाजांवर सुमारे पन्नास हजार हिंदी खलाशी होते. म्हणजे त्या साऱ्या मनुष्यबळाचा जवळ जवळ चौथा हिस्सा. ब्रिटिश इंडिया कंपनी १९१४ सालीं ज्या पी. अँड ओ. कंपनीशीं जोडली गेली, तिच्या जहाजांवर डेकचा खलाशी रत्नागिरीकडचा, एंजिनखान्यांतला पंजाबी किंवा पठाण, आणि जेवणघरांतला गोंव्याचा ख्रिस्ती, अशी वांटणी वर्षानुवर्षें ठरलेली असे. गोंव्याच्या लोकांनीं मुंबईंत धोबीतलावाच्या आसपास गांवोगांवच्या ‘कुडी’ थाटल्या त्या बोटीची वाट पाहतां पाहतां राहावयासाठींच. पगार? १९३९ सालीं हिंदी खलाशास गोऱ्या खलाशाच्या पगाराचा चौथा हिस्साही मिळत नसे. निजावयाची जागा कायद्यानेंच कमी. युद्ध पुकारलें जातांच लंडन, ग्लासगो व इतर बंदरांत या लोकांनीं पगारवाढीवांचून कामावर जाण्याचें नाकारलें. कित्येक तुरुंगांत गेले, थोडीशी वाढ पदरांत पडली, आणि बोटी सुटल्या. पावपट पगारावर ठेवलेल्या माणसाकडून संकटकाळीं सोळा आणे शौर्याची अपेक्षा करणारास निदान हिशेबी माणूस म्हणतां येणार नाहीं. आणि तरी पाहा, तें युद्ध संपेपर्यंत सुमारे सहा हजार हिंदी खलाशी समुद्रांत गेले.

आमच्याकडील कांहीं मित्रांस हा सगळा खटाटोप निरर्थक वाटतो. ते म्हणतात: युद्ध इंग्रजांचें, बोट इंग्रजांची, पोटासाठीं नोकरी करणारे हे लोक, त्यांच्यावर इंग्रजांनीं वा अमेरिकनांनीं आळ घेतला तर आमच्या इतिहासाचें काय बिघडलें? आमचा दर्यावर्दी इतिहास कान्होजी आंग्र्यांचा; आणि अलीकडचा हवा असेल तर १९४६ च्या फेब्रुवारींत मुंबईस आरमारी शिपायांनीं केलेल्या उठावाचा. या दोहोंचाही आम्हांस अभिमान आहे. पण हा युक्तिवाद आणि त्या इंग्रजी चरित्रकारांचा युक्तिवाद हे एकाच सांच्याचे आहेत, हें या मित्रांच्या ध्यानांत येत नाहीं. ते म्हणतात, वीर तेवढाच लिहिण्याजोगा. हेही तेंच म्हणतात. फक्त वीर बदलला. पोटासाठीं समुद्रावर जाणारा माणूस दोघांच्याही वहींत नाहीं. पोटासाठीं म्हणाल तर विमानतळ बांधावयास निघालेलीं तीं अमेरिकन पोरें तरी कोणत्या हौसेनें ‘रोहना’वर चढलीं होतीं? त्यांतलीं कित्येक सक्तीच्या भरतींतलींच होतीं. त्यांच्या देशानें त्यांस टाकून दिलें नाहीं, एवढाच फरक.

वाङ्मयाच्या मासिकांत जहाजांचा विषय कशाला, असाही एक सौम्य आक्षेप येण्याचा संभव आहे. त्यास उत्तर एकच: बोटीचें चरित्र हाही वाङ्मयाचाच प्रकार आहे, आणि त्यांत पात्रें कशीं रंगवावीं, कोणास बोलूं द्यावें व कोणास मुकें ठेवावें, हे प्रश्न कादंबरीइतकेच टीकाकाराच्या अधिकारांतले आहेत. ज्या कादंबरींत एक सबंध जात केवळ पळून जाण्यापुरती रंगभूमीवर येते, तिला आपण एकांगी म्हणतों. ‘सत्यकथा’ असा शिक्का असला म्हणून तो दोष गुण होत नाहीं.

लंडनला टॉवर हिलवर व्यापारी जहाजांवरील मृतांचें मोठें स्मारक आहे. ज्यांस समुद्रावांचून दुसरी कबर नाहीं अशा दुसऱ्या महायुद्धांतील सुमारे चोवीस हजारांचीं नांवें तेथें ब्राँझच्या पत्र्यांवर कोरलेलीं आहेत. हिंदी खलाशांचीं नांवें त्यांत नाहींत. तीं आहेत एका वहींत. तिच्या प्रती मुंबई व चितगांव अशा दोन ठिकाणीं ठेवण्याचें ठरलें. बाग नाहीं, भिंत नाहीं, वही. पहिल्या महायुद्धांतल्या आफ्रिकी व आशियाई मृतांचें स्मरण समानतेनें झालें नाहीं, हें त्या स्मारकांचा कारभार पाहणाऱ्या आयोगाच्याच समितीनें २०२१ सालीं कबूल केलें. दुसऱ्या युद्धाच्या वहीपर्यंत तो पश्चात्ताप पोंचेल तेव्हां पोंचो. तो लंडनचा प्रश्न आहे. आमचा प्रश्न निराळा आहे. त्या वहींतील नांवें देवनागरींत उतरून घ्यावयास, बोट, तारीख व हुद्दा यांसह छापावयास, आणि रत्नागिरीच्या नगर वाचनालयापासून हर्णै-दाभोळच्या शाळांपर्यंत एकेक प्रत पोंचवावयास आमच्या विश्वविद्यालयांस व संशोधक मंडळांस किती खर्च येईल? एखाद्या ताम्रपटांतील एका अक्षराच्या वाचनावर आम्हीं वर्षानुवर्षें वाद घातले आहेत. येथें सहा हजार नांवें स्पष्ट अक्षरांत छापलेलीं आहेत आणि वाचणारा कोणी नाहीं. ‘रोहना’वरच्या सारंगाचें नांव काय होतें, हें तरी आरोपाची पुढची आवृत्ति निघण्यापूर्वीं मराठींत छापून निघावें.

मुंबईची प्रत मशीद बंदराजवळच्या खलाशांच्या निवासांत, इंडियन सेलर्स होममध्यें ठेवण्यांत आली. पहिल्या महायुद्धांतल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचें स्मारकही तेथेंच आहे. पूर्वींच्या बोरीबंदरहून गाडीनें तें पहिलेंच स्टेशन.